१९ व्होल्टचा अडॅप्टर थेट बीएमएसला जोडला तर चालेल का?

काजवा

नमस्कार मंडळी.

हातात धरून वापरायच्या एका मोजमाप यंत्रासाठी बॅटरी पॅक बनवतोय. १८६५० आकाराचे एनएमसी (लिथियम-आयनचा एक प्रकार) सेल, प्रत्येकी २६०० मिलिअँपिअर-तास, चार सिरीजमध्ये आणि दोन पॅरललमध्ये, म्हणजे ४एस२पी. तयार बीएमएस बोर्ड (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवून गरज पडली तर जोडणी तोडणारं सर्किट) आणलाय. त्याच्या माहितीपत्रकात ओव्हरचार्ज कट-ऑफ ४.२८ व्होल्ट, परत जोडणी ४.१० व्होल्टला आणि बॅलन्सिंग (सगळे सेल एका पातळीला आणणं) ४२ मिलिअँपिअर असं दिलंय.

लॅपटॉपचा १९ व्होल्टचा एक जुना अडॅप्टर पडून आहे. मित्राचं म्हणणं असं की तो सरळ बोर्डाला जोड, सेल भरले की बीएमएस आपोआप तोडेल, वेगळ्या चार्जरची गरजच काय? ऐकायला बरोबर वाटतं, पण मग जग चार्जरवर एवढं डोकं का लावतं ते कळत नाही. माझं मूळ काम सॉफ्टवेअरचं, तेव्हा जरा सोपं करून सांगा. यंत्र चार्ज होत असतानाही चालू ठेवायचं आहे, हेही लक्षात घ्या.

निमूट वाचक

वाखुसा (वाचनखूण साठवली). प्रतिसाद वाचायला बसलो आहे.

उडालेला फ्यूज

मित्राला सांग की जोडताना तूच समोर बस. लगेच मत बदलेल.

विरोधिनी

काजवा, थोडक्यात उत्तर: नाही. आता सविस्तर.

बीएमएसचं ओव्हरचार्ज संरक्षण हे काहीतरी बिघडल्यावर कामाला येण्यासाठी असतं. आगगाडीत साखळी असते म्हणून कोणी रोज आपलं स्टेशन आलं की ती ओढत नाही. तुमच्या मित्राची योजना रोज साखळी ओढण्याची आहे.

लिथियम-आयन सेल भरायची रीत ठरलेली आहे. आधी ठरावीक करंट, सेल ४.२० व्होल्टला पोचला की तिथे व्होल्टेज धरून ठेवायचं आणि करंट आपोआप उतरू द्यायचा. तो क्षमतेच्या दहाव्या किंवा विसाव्या भागाइतका झाला की चार्जिंग पूर्ण बंद. लेड-ॲसिडसारखं वर थोडं थोडं पाजत राहायचं नाही. ४.२० वर साधारण ५० मिलीव्होल्ट इकडे-तिकडे एवढीच मुभा असते.

तुमचा अडॅप्टर यातलं काहीच करत नाही. त्याला एवढंच माहीत की १९ व्होल्ट द्यायचे. पॅक रिकामा म्हणजे १२ व्होल्टच्या आसपास. फरक ७ व्होल्टचा. सेल, निकेल पट्ट्या, मॉस्फेट (बोर्डावरचा इलेक्ट्रॉनिक स्विच), वायर सगळ्यांचा मिळून रोध ०.२ ओहम धरला, तर कागदावर ३५ अँपिअर होतात. तेवढा करंट अडॅप्टर देणार नाही. तो ओव्हरलोड समजून बंद-चालू करत राहील, किंवा बोर्ड ओव्हरकरंटवर ट्रिप होईल.

समजा मध्ये काहीतरी घालून करंट आवरला. मग एक सेल ४.२८ ला पोचला की बोर्ड तोडेल. करंट थांबला की त्या सेलचं व्होल्टेज जरा खाली बसतं, बोर्ड परत जोडतो, परत तोडतो. रात्रभर हेच. व्होल्टेज धरून ठेवायचा टप्पा कधी येतच नाही, आणि तो सेल मात्र प्रत्येक फेरीत मर्यादेच्या वर जाऊन येतो.

आणि मॉस्फेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. त्या दिवशी १९ भागिले ४, म्हणजे सेलमागे ४.७५ व्होल्ट. अडवायला कोणी शिल्लक नाही.

उडालेला फ्यूज

साखळी ओढल्यावर दंड होतो हेही लिहा. इथे तो सेल भरतो.

खडूस काका

विरोधिनी म्हणतायत ते पटतं, पण एवढं घाबरवू नका हो पोराला. बाजारात १६.८ व्होल्टचा, करंट-व्होल्टेज दोन्ही सांभाळणारा चार्जर तयार मिळतो. तो आणायचा, जोडायचा, विषय संपला. मी पॅक दुरुस्त करतो. माझ्याकडे येतात त्यात चिप बिघडलेली क्वचित असते. बहुतेक वेळा सोल्डर सुटलेलं, सेन्स वायर (सेलचं व्होल्टेज बोर्डाला सांगणारी) तुटलेली, पट्टी घासून इन्सुलेशन गेलेलं, नाहीतर कोणीतरी थर्मिस्टरच्या, म्हणजे तापमान ओळखणाऱ्या रेझिस्टरच्या, जागी साधा १० किलोओहमचा रेझिस्टर ठोकून दिलेला. त्या बोर्डाच्या मते बाहेर कायम २५ अंशांचं सुंदर हवामान असतं.

टेकाड्या

काका, रेझिस्टरवाला किस्सा जाम आवडला.

माझा वेगळा मुद्दा. काजवा सॉफ्टवेअरवाला आहे, तर त्याने मायक्रोकंट्रोलर घालून सगळं स्वतःच का करू नये? चारही सेलचं व्होल्टेज एडीसीने (व्होल्टेजचा आकडा करून देणारा भाग) वाचायचं, तापमान वाचायचं, पीडब्ल्यूएमने (झपाट्याने चालू-बंद करून) बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट, आवरायचा. हवा तसा चार्जिंग प्रोफाइल, वर लॉगही मिळतो. तयार चिपमध्ये ही मोकळीक कुठे?

विरोधिनी

@टेकाड्या, करा की. फक्त शेवटचा शब्द फर्मवेअरचा नको.

फर्मवेअर अडकतं. एडीसीचा संदर्भ व्होल्टेज सरकतो. अपडेट चालू असताना सगळ्या पिना अधांतरी असतात. त्या क्षणी चार्ज मॉस्फेटचं गेट कुठल्या स्थितीत असेल? गेटवर त्याला बंद स्थितीकडे ओढणारा रेझिस्टर नसेल तर उत्तर 'देव जाणे'. फर्मवेअर मेलं की चार्जिंग बंद, हे वायरिंगनेच ठरलेलं असलं पाहिजे. वॉचडॉग (फर्मवेअर अडकलं की ते रीसेट करणारा टायमर) हवाच, पण त्याच्याही खाली सेलचं व्होल्टेज स्वतंत्रपणे बघणारी हार्डवेअर चिप हवी. तिला सॉफ्टवेअरशी बोलायची गरज पडता कामा नये.

काकांच्या 'चार्जर आणा, विषय संपला'शी मात्र अर्धीच सहमत. १६.८ व्होल्टच्या चार्जरला दिसतं ते पूर्ण पॅकचं व्होल्टेज. चार सेल समान असतील तर प्रत्येकी ४.२० बरोबर. पण तीन सेल ४.०५ वर असतील तर त्यांचे १२.१५ झाले. चौथ्यावर किती? ४.६५. चार्जर निर्दोष, मीटरवर १६.८, आणि एका सेलचा घात. म्हणून चार्जरने पॅक बघायचा आणि बीएमएसने प्रत्येक सेल. एकाचं काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

काजवा

हे ४.६५ चं गणित डोक्यात बसलं. म्हणजे चार्जर चांगला असला तरी बीएमएस लागतोच, आणि बीएमएस असला तरी चार्जर लागतोच.

पण बॅलन्सिंग आहे ना? त्याने चारही सेल सारखे राहणार नाहीत का?

शून्य व्होल्ट

राहतील, सवडीने. तुझ्या बोर्डावर ४२ मिलिअँपिअर म्हणजे सेलच्या समांतर बहुधा १०० ओहमचा रेझिस्टर जोडला जात असणार (४.२ भागिले १००). प्रत्येकी पाव वॅटपेक्षा कमी उष्णता, म्हणून एवढंसं ठेवतात. पॅक ५.२ अँपिअर-तासांचा. एका गटात ३ टक्के फरक पडला तर १५६ मिलिअँपिअर-तास. ४२ ने भाग दिला तर पावणेचार तास. चार्जर त्याआधीच 'झालं' म्हणून बंद होतो. मग उरलेलं पुढच्या चार्जिंगला, असं थोडं थोडं करत जुळतं.

म्हणून पॅक बांधतानाच सेल एका व्होल्टेजला आणून, क्षमता आणि अंतर्गत रोध जुळवून घ्यावेत. नव्या सेलमध्ये जुना सेल मिसळला तर त्याची भरपाई बॅलन्सिंग करू शकत नाही. ते किरकोळ तफावतीसाठी आहे. एक गट दर वेळी मागे पडत असेल तर तो सेल आतून गळतो आहे असं समजावं. बॅलन्सिंग वाढवून ते झाकू नये.

माझं काम सेल तपासण्याचं आहे, त्यामुळे थोडं सेलच्या बाजूनेही बोलतो. सर्किटवाले व्होल्टेजवर खूप बोलतात, तापमानावर कमी. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर लिथियमला ग्रॅफाइटच्या आत शिरायला वेळ मिळत नाही, ते धातूच्या रूपात वरच साचतं. बाहेरून काही दिसत नाही. व्होल्टेज व्यवस्थित, चार्जर खूश. पण क्षमता कायमची कमी होते आणि साचलेल्या धातूचे काटे पुढे सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडमधला पडदा) भेदून आत शॉर्ट करू शकतात. डिस्चार्जला थंडीत तेवढी अडचण नसते, चार्जिंगला असते. म्हणून बहुतेक सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी ० ते ४५ अंश आणि डिस्चार्जसाठी उणे २० ते ६० अशा वेगळ्या मर्यादा दिसतील. तुझ्या बोर्डावर तापमानाची एकच मर्यादा असेल तर ती कशासाठी आहे ते तपास.

निमूट वाचक

हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून यायला हवा.

पिंपळपान

अवांतर होतंय, आधीच माफी. माझा पॅक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे, तोही चार सेलचा. जुना लेड-ॲसिडचा चार्जर वापरतो, १४.४ व्होल्टचा. एलएफपीला १४.६ पर्यंत चालतं म्हणतात, म्हणजे मी मर्यादेच्या आतच आहे. काही झालेलं नाही आजवर.

विरोधिनी

@पिंपळपान, १४.४ ला अडचण नाही. अडचण त्या चार्जरच्या बाकीच्या सवयींत आहे. काही लेड-ॲसिड चार्जरमध्ये सल्फेट काढायचा किंवा इक्वलायझिंगचा टप्पा असतो. तेव्हा व्होल्टेज १५ च्या वर जातं, काहींमध्ये त्याहून उंच पल्स येतात. तसा टप्पा असेल आणि बंद करता येत नसेल तर तो चार्जर या पॅकला लावू नका. दुसरं, तो भरल्यावरही १३.६ च्या आसपास फ्लोट धरून बसतो. एलएफपीला त्याची गरज नाही.

आणि बीएमएसने तोडल्यावर काही चार्जरना समोर बॅटरीच दिसत नाही, मग ते नव्याने पहिल्या टप्प्यापासून सुरू करतात. एकदा मीटर लावून पूर्ण फेरी बघा.

शून्य व्होल्ट

त्यात एक भर. एलएफपीचा आलेख मधे इतका सपाट असतो की ३.३ व्होल्टला सेल अर्धा भरलाय की पाऊण, सांगता येत नाही. त्यामुळे बॅलन्सिंग ३.४ च्या वर गेल्यावरच करण्यात अर्थ आहे. मधल्या पट्ट्यात बॅलन्स करणारे बोर्ड कधी कधी नीट जुळलेला पॅक बिघडवून ठेवतात.

खडूस काका

पिंपळपान, 'आजवर काही झालं नाही' हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकतो ते सगळे माझ्या टेबलासमोर उभे असतात.

पिंपळपान

दंडवत काका. आज मीटर लावतो.

टेकाड्या

शून्य व्होल्ट, एक विचारू का? मोठमोठ्या कंपन्या एवढी संरक्षणं घालतात, तरी बॅटऱ्या पेटतातच. २०१६ ची गॅलेक्सी नोट ७ ची भानगड घ्या. तिथे चार्जिंग सर्किट नव्हतं का?

शून्य व्होल्ट

होतं. दोष सेलमध्ये होता. कंपनीच्या तपासात एका पुरवठादाराच्या सेलमध्ये कोपऱ्याला इलेक्ट्रोड दबलेले निघाले, दुसऱ्याच्या सेलमध्ये वेल्डिंगचे कंगोरे. जानेवारी २०१३ मध्ये बोईंग ७८७ च्या दोन विमानांत बॅटरीने पेट घेतला किंवा धूर केला. सगळी ७८७ जमिनीवर उभी करावी लागली. बोस्टनच्या घटनेत अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष असा की आठपैकी एका सेलमध्ये अंतर्गत शॉर्ट झाला आणि उष्णता शेजारच्या सेलमध्ये पसरत गेली.

मुद्दा हा की सेलच्या आतला शॉर्ट बाहेरच्या मॉस्फेटला तोडता येत नाही. करंट बाहेर येतच नाही, तो आतल्या आतच फिरतो. सर्किटच्या हाती दोनच गोष्टी: असा शॉर्ट निर्माण होईल असं वागायचं नाही (थंडीत चार्जिंग नको, जास्त व्होल्टेज नको, खोल डिस्चार्ज झालेला सेल जबरदस्तीने भरायचा नाही) आणि लक्षणं दिसली की चार्जिंग बंद करून तसंच ठेवायचं. बाकी काम यांत्रिक बांधणीचं: सेलमध्ये अंतर, वायू बाहेर जायला वाट.

काजवा

खोल डिस्चार्ज झालेला सेल म्हणजे किती खाली? माझ्याकडे दोन सेल १.६ व्होल्टवर आहेत. त्यांना हळूहळू वर आणता येईल ना?

शून्य व्होल्ट

टाकून दे. दीर्घकाळ दीड-दोन व्होल्टच्या खाली राहिलेल्या सेलमध्ये ॲनोडच्या तांब्याची पत्री विरघळू लागते. परत चार्ज केल्यावर ते तांबं भलत्या जागी बसतं. व्होल्टेज छान वर येतं, म्हणूनच तो फसवतो.

साधारण ३ व्होल्टच्या खाली सापडलेल्या सेलला चांगला चार्जर आधी दहाव्या हिश्श्याचा करंट देऊन बघतो आणि सोबत घड्याळ लावतो. अर्ध्या तासात वर नाही आला तर दोष मानून थांबतो. हे घड्याळ फार लोक विसरतात. मुख्य चार्जिंगलाही वेळेची मर्यादा हवी. ज्या सेलचा करंट उतरायचं नावच घेत नाही, तो आत कुठेतरी तो करंट जाळतो आहे.

विरोधिनी

इथूनच काजवाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते: चार्ज होताना यंत्र चालू ठेवणं.

लोड थेट बॅटरीला जोडलेला असेल तर चार्जरला बॅटरीत जाणारा करंट आणि यंत्र खाणारा करंट वेगळे दिसत नाहीत. विसाव्या हिश्श्याला थांबायचं म्हणजे तुमच्या पॅकसाठी २६० मिलिअँपिअर. यंत्र ३०० घेत असेल तर चार्जरच्या दृष्टीने काम कधी संपतच नाही. बॅटरी तासन्‌तास १६.८ ला धरलेली राहते, किंवा वेळमर्यादा संपून खोटा दोष दिसतो. टीपी४०५६ या चार्जर चिपचे छोटे मॉड्यूल वापरणारे नेमके इथेच अडकतात. (जाता जाता, त्या मॉड्यूलवर बहुतेकदा तापमानाची पिन सरळ ग्राउंडला जोडून टाकलेली असते. म्हणजे चिपमध्ये सोय आहे आणि बोर्डावर ती मारून टाकली आहे.)

उपाय पॉवर-पाथवाली चार्जर चिप. अडॅप्टर आला की यंत्र अडॅप्टरवर, बॅटरीला वेगळी वाट. अडॅप्टर कमी पडला तर बॅटरीचा करंट आधी कमी होतो. गंमत म्हणजे यात तुमचा १९ व्होल्टचा अडॅप्टर कामी येतो! १९ वरून १६.८ ला उतरवणारा बक चार्जर घाला. अडॅप्टर हा नुसता वीजपुरवठा, चार्जर म्हणजे ती चिप. मात्र पूर्ण करंटला वायरमधला ड्रॉप धरून १९ खरंच १९ राहतात का ते मोजा. अंतर फार कमी आहे, चिपच्या कमाल ड्यूटी सायकलमध्ये (स्विच किती प्रमाणात चालू राहू शकतो) बसतं का ते बघा.

उडालेला फ्यूज

म्हणजे मित्र अर्धा बरोबर निघाला. आता तो वर्षभर ऐकवणार.

टेकाड्या

अडॅप्टरवरून आठवलं. जॅक घुसवताना ठिणगी उडते आणि चिप जाते, असं का होतं? १९ व्होल्टला आणि २८ व्होल्ट सहन करणारी चिप, तरी जाते.

विरोधिनी

केबलचं इंडक्टन्स आणि इनपुटचे सिरॅमिक कपॅसिटर. अडॅप्टर आधीच चालू, जॅक घुसला की रिकाम्या कपॅसिटरकडे करंट धावतो आणि व्होल्टेज उसळून जवळपास दुप्पट होऊ शकतं. १९ चे ३८. मल्टिमीटरवर दिसत नाही, ऑसिलोस्कोपवर दिसतं. सिरॅमिकच्या जोडीला थोडा अंतर्गत रोध असलेला इलेक्ट्रोलिटिक लावला की उसळी मरते. शिवाय टीव्हीएस डायोड, म्हणजे व्होल्टेजची उसळी दाबणारा. लोक नुसता टीव्हीएस लावून निश्चिंत होतात, पण त्याचं क्लॅम्पिंग व्होल्टेज (ज्या पातळीला तो उसळी प्रत्यक्ष अडवतो) चिपच्या मर्यादेपेक्षा जास्त असू शकतं. माहितीपत्रकात वरचा ठळक आकडा न बघता क्लॅम्पिंगचा रकाना वाचा.

खडूस काका

आता मी वायरिंगवर बोलतो, कारण कोणी बोलत नाहीये.

सेन्स वायर सेलच्या टोकावरूनच घ्यायची, जिथून मोठा करंट जातो त्या पट्टीच्या मध्यावरून नाही. २० मिलीओहमचा खराब सांधा आणि २ अँपिअर, झाले ४० मिलीव्होल्ट. विरोधिनीताईंनी मुभा ५० ची सांगितली आहे, म्हणजे जवळपास सगळी तिथेच संपली. चार्ज करताना तो सेल जास्त दिसतो, डिस्चार्जला कमी. गिऱ्हाईक म्हणतं बोर्ड खराब आहे. बोर्ड बिचारा खरं तेच सांगत असतो.

जोडताना उणे टोक आधी, मग पायरीपायरीने वर. उलटसुलट क्रमाने जोडलं तर चिपच्या पिनांवर नको तिथे नको ते व्होल्टेज येतं. सगळेच बोर्ड मरतात असं नाही, पण अर्धमेला बोर्ड मेलेल्यापेक्षा वाईट. आणि मधली एखादी सेन्स वायर तुटली तर काय होईल, ते बोर्डाला ओळखता येतं का, हे वायर मुद्दाम सोडवून बघावं.

फ्यूज लावतोस ना? त्यावरचा डीसी आकडा वाच. २५० व्होल्ट लिहिलेला काचेचा फ्यूज एसीचा असतो, डीसीला त्यातले बरेच ३२ व्होल्टपर्यंतचेच. तुझ्या १६.८ ला चालेल, पण मोठ्या पॅकला तोच फ्यूज उडून आत आर्क चालू ठेवील. शॉर्टला पॅक किती करंट देईल आणि फ्यूज किती तोडू शकतो, हेही जुळलं पाहिजे.

विरोधिनी

काकांना +१, विशेषतः मुद्दाम वायर सोडवून बघण्याला.

मघाशी 'विषय संपला' म्हणणारे काकाच आता सगळ्यात लांब यादी देतायत, याची नोंद घ्यावी.

खडूस काका

वायरिंग हा चार्जरचा भाग नाही. मी माझ्या शब्दावर ठाम आहे.

टेकाड्या

थर्मिस्टरबद्दल कोणीतरी सांगा. १० किलोओहमचा कुठलाही चालतो ना?

शून्य व्होल्ट

चालत नाही, आणि हे लक्षातही येत नाही, कारण २५ अंशांना सगळेच १० किलोओहम दाखवतात. फरक टोकाला पडतो. बीटा (तापमानाप्रमाणे रोध किती बदलतो त्याचा आकडा) ३९५० धरून मर्यादा ठरवल्या आणि प्रत्यक्षात ३४३५ चा बसवला, तर शून्याला थांबायचं सर्किट उणे ३ च्या आसपास थांबेल आणि ४५ चं ४८ ला. दोन्ही चुका धोक्याच्या दिशेने. उलट अदलाबदल झाली तर दोन्ही सुरक्षित दिशेने, नुसती कुरकुर वाढेल.

वायर तुटली तर रोध अनंत, म्हणजे 'खूप थंड'. शॉर्ट झाली तर 'खूप गरम'. दोन्हीत चार्जिंग बंद पडलं पाहिजे. आणि थर्मिस्टर सेलच्या अंगाला चिकटलेला हवा, बोर्डावर नको. बोर्डावरचा मॉस्फेटचं तापमान सांगतो.

शक्य असेल तर नुसतं चालू-बंद ठेवू नका. जपानच्या जेईआयटीए मार्गदर्शनाची पद्धत बरी आहे: गारठ्यात करंट कमी, उकाड्यात व्होल्टेज कमी, टोकांना बंद. बऱ्याच चार्जर चिपमध्ये ती तयार असते.

काजवा

मंडळी, एवढ्या प्रतिसादांनंतर आराखडा बदललाय. १९ व्होल्टचा अडॅप्टर, इनपुटला फ्यूज, टीव्हीएस आणि इलेक्ट्रोलिटिक. मग पॉवर-पाथवाला बक चार्जर, करंट २ अँपिअर. व्होल्टेज १६.८ ऐवजी १६.४ ठेवतोय, सेलमागे ४.१०. क्षमता साधारण आठ-दहा टक्के कमी मिळेल, पण सेल जास्त टिकतील आणि बीएमएसच्या ४.२८ पासून अंतर राहील. थर्मिस्टर सेलवर. बीएमएस आहे तोच. टेकाड्याच्या सल्ल्याने मायक्रोकंट्रोलर फक्त वाचेल आणि लॉग ठेवेल. गरज पडली तर चार्जिंग थांबवू शकेल, पण सुरू ठेवायची सक्ती त्याला करता येणार नाही.

आता दोन प्रश्न. यात काय सुटलंय? आणि खरे सेल जोडायच्या आधी हे तपासायचं कसं?

विरोधिनी

चांगलं जमलंय. ४.१० चा निर्णय आवडला. फक्त बोर्डाचं बॅलन्सिंग किती व्होल्टला सुरू होतं ते बघा. ते ४.१८ असेल तर तुमच्या पॅकमध्ये ते कधीच चालू होणार नाही. मग अधूनमधून एक पूर्ण ४.२० ची फेरी द्या, किंवा बॅलन्सिंगची मर्यादा खाली घेता येणारा बोर्ड शोधा.

सुटलेली गोष्ट एकच: बीएमएसचा चार्ज मॉस्फेट शॉर्ट झाला आणि त्याच वेळी सेल बिघडून तफावत पडली, तर? हौशी यंत्राला कदाचित इतकं पुरे. पण विकायचा विचार असेल तर दुसरी स्वतंत्र ओव्हरव्होल्टेज चिप हवी, ४.३५ च्या आसपासची. ती मॉस्फेट बंद करत बसत नाही, तीन टोकांचा फ्यूज आतल्या हीटरने कायमचा जाळते. पॅक मेला तरी चालेल, पेटला नाही पाहिजे. विक्रीसाठी आयईसी ६२१३३-२ आणि वाहतुकीसाठी यूएन ३८.३ च्या चाचण्याही बघाव्या लागतील.

तपासणी: बेंच सप्लाय बॅटरीच्या जागी लावा, पण सावधान. साधा सप्लाय करंट देतो, घेत नाही. चार्जरने आत ढकललेला करंट जायला वाट नसली की व्होल्टेज वर चढतं आणि तुम्हाला चार्जर खराब वाटतो. सप्लायच्या समांतर असा लोड लावा की चार्जरच्या २ अँपिअरपेक्षा जास्त, समजा अडीच, तो ओढेल. मग सप्लाय ११ पासून १६.४ पर्यंत फिरवत चार्जरचे सगळे टप्पे बघता येतात. बीएमएससाठी वेगळं: चार सारखे रेझिस्टर सिरीजमध्ये लावून खोटे सेल बनवा, एकाच्या समांतर मोठा रेझिस्टर जोडून तफावत पाडा आणि बोर्ड नेमका किती व्होल्टला तोडतो ते टिपा. रेझिस्टर छोटेच घ्या, नाहीतर बोर्डाचं बॅलन्सिंग चालू झालं की आकडे हलतील.

खडूस काका

आणि फ्यूज फक्त इनपुटला लिहिलायस. सेलच्या बाजूचा कुठाय? अडॅप्टरपेक्षा कितीतरी जास्त करंट पॅक देऊ शकतो. पॉझिटिव्हला, सेलपासून जमेल तितका जवळ.

काजवा

काका, लगेच घालतो. विरोधिनीताई, बॅलन्सिंग ४.१८ लाच सुरू होतं, आत्ता माहितीपत्रकात बघितलं. मर्यादा बदलता येणारा बोर्ड शोधतोय. तोपर्यंत खोट्या सेलचं जुगाड सोल्डर करतो. ४७ ओहमचे चार आहेत. पुरतील?

विरोधिनी

नाही, ते १०० ओहमच्या बॅलन्सिंगला फारच जवळ आहेत, तफावत तिथेच पुसली जाईल. १० ओहमचे घ्या, ५ वॅटचे. ४.२ व्होल्टला प्रत्येकात पावणेदोन वॅट जातील, गरम होतील, लाकडी टेबलावर ठेवू नका.

निमूट वाचक

४७ चे असतील तर पाच-पाच समांतर लावले तरी १० च्या जवळ येतं. वीस लागतील एवढंच.

उडालेला फ्यूज

निमूट वाचक बोलले! धाग्याचं सार्थक झालं.